सारमिलीने धुतलेलं गाणं

ब्लोक एम नावाच्या वस्तीतल्या बाजाराच्या तळघरात जुन्या तबकड्या विकणाऱ्यांचे गाळे आहेत. त्या सगळ्यांचा मिळून जेवढा तोरा आहे, तेवढा एकट्या बांग सारमिलीच्या गाळ्यात सापडतो. बांग म्हणजे दादा. सारमिली साठीच्या पुढे गेलाय, पण त्याला कोणी काका म्हटलेलं चालत नाही. माझा गाळा त्याच्या बरोबर समोर. मी जुने अँप्लिफायर आणि प्लेअर दुरुस्त करतो. अँप्लिफायरचा आवाज कमी करायला बटण असतं. सारमिलीला ते बसवायचं राहून गेलंय, त्यामुळे त्याची मतं मला रोज सकाळपासून पूर्ण आवाजात ऐकावी लागतात.

त्याचा विषय एकच. सिनेमाच्या गाण्यांचे अल्बम, आणि त्यातले बाळगण्याच्या लायकीचे कोणते. कापडी पिशव्या खांद्याला लावलेली कॉलेजची पोरं जिना उतरून थेट त्याच्याकडे जातात. कुठून तरी, कुणाच्या तरी आजोबांच्या माळ्यावरून शोधून आणलेला अल्बम दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरतात. सारमिली तबकडी बाहेर काढतो, ट्यूबलाइटखाली तिरकी धरतो, नाकाजवळ नेतो. मग दोनांपैकी एक निकाल देतो. "ठेव." किंवा, "कढईखाली ठेव."

दुसरा निकाल जास्त वेळा येतो. कढई जमिनीवर टेकवायला खाली काहीतरी गोल लागतं, आणि तुमचा अल्बम त्या कामाचा आहे, असा त्याचा अर्थ. एकदा एक मुलगी तिच्या वडिलांनी जपून ठेवलेला अल्बम घेऊन आली होती. सारमिली म्हणाला, "वडिलांना सांग, जपायचंच होतं तर केस जपायचे होते." ती हसत हसत गेली. लोकांना अपमान करून घेण्याची हौस असते हे मला इथे बसूनच कळलं. काही जण तर तो अपमान फोनवर टिपून मित्रांना पाठवतात.

ह्या माणसाला एकही अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकताना मी पाहिलेलं नाही. गिऱ्हाइकासमोर सुई ठेवायची, सनई की सतार की गिटार वाजतेय एवढं कळलं की उचलायची. मी एकदा विचारलं, "बांग, पुढचं ऐकत का नाही?"

"भात शिजला का बघायला अख्खं पातेलं खातोस काय?" तो म्हणाला.

त्याचे सिद्धांतही होते. पहिला सिद्धांत असा की ज्या सिनेमाला कोणी गेलं नाही त्याचाच अल्बम ठेवावा. सिनेमा पाहिला की गाण्यात नट दिसायला लागतो, आणि नट दिसला की तबकडी फुकट गेली. दुसरा सिद्धांत त्याहून भारी. प्लास्टिकच्या तबकड्या येण्याआधी सिनेमाचा अल्बम नावाची वस्तूच नव्हती. त्याआधीच्या जाडजूड, जड, लाखेच्या तबकड्या म्हणजे मडकी. "एकेका बाजूला एकेक गाणं. सुटं गाणं म्हणजे सुटी सिगारेट. अल्बम म्हणजे पाकीट. सुट्या सिगारेटी गोळा करणाऱ्याला कोणी संग्राहक म्हणतं का? फोडून टाका ती मडकी." हे तो वीस वर्षं सांगत होता, आणि लोक ऐकत होते. उंटावरच्या शहाण्याला मानणारे सगळे जमिनीवरच असतात.

खरी गंमत अशी की सारमिली जन्मला तोच सिनेमाच्या गाण्यांत. त्याचे वडील चोंडेतचे. उघड्या मैदानात पडदा ताणून सिनेमा दाखवायचा त्यांचा धंदा. कुणाकडे सुंता असो, लग्न असो, यजमान त्यांना बोलवायचा. संध्याकाळी पडदा लागायच्या आधी ते झाडावर भोंगा बांधून सिनेमाची गाणी वाजवायचे, म्हणजे पाच मैलांवरच्या पाहुण्यालाही कळावं की आज कुठे जायचंय. भोंग्याखाली बसून तबकड्या बदलायचं काम सारमिलीचं. एकेक गाणं त्याने शेकडो वेळा ऐकलं असेल. त्याच्या तिरस्काराचं मूळ तिथे आहे, असं मला वाटतं. ह्या बाबतीत मात्र तो कधी बोलत नसे. बापाच्या धंद्यातून त्याने एवढंच उचललं होतं, की आवाज मोठा ठेवावा.

अशा ह्या सारमिलीच्या वाटेत एका गुरुवारी न्याक रोगाया आली.

न्याक म्हणजे आई. ती ऐंशीच्या घरातली बाई, पण जिना कुणाचाही हात न धरता उतरली. काखेत कापडी बांधणीचं एक मोठं पुस्तक होतं. माझ्या गाळ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "प्लेअर दुरुस्त करणारा तूच का? आमचा कायमचा मेलाय. तो राहू दे. ह्यातलं एक गाणं फोनमध्ये भरून दे. रविवारी नातीचं, इल्माचं, लग्न आहे."

तिने पुस्तक उघडलं. आत पानांच्या जागी जाड कागदाचे चार खिसे, आणि प्रत्येकात एक लाखेची तबकडी. वरच्या पुठ्ठ्यावर नाव होतं, 'चिलिवुंगचा नावाडी'. कुठल्यातरी जुन्या सिनेमाची सगळी गाणी, एका पुस्तकात. म्हणजे सारमिलीच्या भाषेत अख्खं पाकीट.

मी समोर पाहिलं. सारमिली स्टुलावरून उठला होता. गिऱ्हाइकासाठी हा माणूस उठत नाही.

गाण्याची गोष्ट न्याकने उभ्याउभ्याच सांगितली. तिचा नवरा जातिनेगारात एक छोटं थिएटर चालवायचा. त्यांच्या लग्नात नवरदेवाची वरात दारात आली, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे दार अडवून दोन्हीकडच्यांची शेरोशायरी आणि लुटुपुटूची मारामारी झाली, नवरदेव जिंकला. आणि तो उंबऱ्यावर उभा असताना ह्या अल्बममधलं नावाड्याचं गाणं लावलं गेलं. गाणं संपल्यावर त्याने आत पाऊल टाकलं. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लेकीच्या लग्नात तसंच. मधल्या मुलीच्या वेळी नेमकी वीज गेली, गाणं वाजलं नाही, आणि तो जावई पुढे बातामला नोकरीला गेला तो परत आलाच नाही.

"त्याला वीज काय करणार?" मी म्हटलं.

"तुला काय करायचंय? तू गाणं भर." न्याक म्हणाली. "गाणं वाजल्याशिवाय इल्माचा नवरा उंबरा ओलांडणार नाही. मी ओलांडू देणार नाही."

तेवढ्यात सारमिली येऊन पोचला. पुस्तकाकडे त्याने असं पाहिलं, जसं काही कोणी रस्त्यात मेलेली घूस टाकलीय.

"हे काय, न्याक? मडकी घेऊन बाजारात?"

आमच्या बाजारातल्या लहान पोरालाही माहीत आहे की सारमिली ज्याला सर्वात जास्त नावं ठेवतो तेच त्याला हवं असतं. त्या दिवशी त्याने इतकी नावं ठेवली की मला त्याची कीव आली. पुठ्ठा सडका आहे. कापड शाकाहारी उंदरांनी खाल्लंय. नट कोण, तर ज्याला आता त्याची मुलंही ओळखत नसतील. आणि बोटं मात्र खिशांच्या कडांवरून फिरत होती.

"विकायचं नाही," न्याक म्हणाली.

"घेतोय कोण! मी फक्त पोराला वाचवतोय. एवढी घाण सुईखाली घातली तर सुई मोडेल. काय रे, मोडेल की नाही?"

मी म्हटलं, "मोडणार नाही. मी आत्ताच भरून देतो."

"ह्याला विचारू नका, न्याक, ह्याचं वय काय! गाण्यात नुसती खरखर येईल. नातीच्या लग्नात खरखर लावणार? मला एक दिवस द्या. धुऊन देतो. पैसे नकोत." मग तो तोंडभर हसला. "ह्या बाजारात तबकडी कोण धुतं असं कुणालाही विचारा."

खरखर शब्दाने काम केलं. न्याक पुस्तक त्याच्या हातात देऊन म्हणाली, "उद्या ह्याच वेळेला. आणि कढई-बिढई काही नको, मी ऐकलंय तुझ्याबद्दल." सारमिलीला तो गौरव वाटला.

दुसऱ्या दिवशी तो गाळा उघडायच्या आधी माझ्याकडे आला. हातात एकच तबकडी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. कागद सोडवला, तर तिच्यावर चकाकी अशी उरलीच नव्हती. तव्याच्या बुडासारखी मंद काळी, आणि मधेमधे बोटाने फराटे ओढल्यासारखे डाग. रेघा जवळजवळ सपाट झालेल्या.

"फार घाण होती रे," तो म्हणाला. "फडकं काळं कुट्ट झालं. मी म्हटलं वा, काय निघतंय. म्हणून आणखी घासली. सर्वात मळकी हीच होती, म्हणून हिच्यापासून सुरुवात केली."

सर्वात मळकी हीच असणार, कारण सर्वात जास्त वाजवलेली हीच. नावाड्याच्या गाण्याची.

"कशाने घासलीस?"

"नेहमीच्याच. स्पिरिटने."

प्लास्टिकची तबकडी स्पिरिटने पुसली तर लख्ख होते, म्हणून सारमिली वीस वर्षं सगळ्यांना स्पिरिट सांगत आला. लाखेची तबकडी त्याने आयुष्यात धुतलीच नव्हती, फोडायलाच सांगितली होती. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फडक्यावर घाण निघतेय असं त्याला वाटत होतं, आणि निघत होतं ते गाणं.

मी ती प्लेअरवर ठेवली. वाळूवर कोणी झाडू मारावा तसा आवाज आला, शेवटपर्यंत. सारमिलीने माझ्यासमोर पूर्ण ऐकलेली ही पहिली तबकडी.

"दुसरी कुठे मिळते का बघ," मी म्हटलं. "तुझ्या मंडळींना विचार."

त्याने फोनवर संग्राहकांच्या गटात विचारलं. अर्थात विनंती करणं त्याच्या स्वभावात नाही. त्याने लिहिलं, 'चिलिवुंगचा नावाडी, लाखेची, कोणाकडे पडली असेल तर दाखवा, बघू तरी.' उत्तरं आली. बांडुंगच्या एकाने लिहिलं, बांग, तुम्ही फोडायला सांगितलीत, आम्ही फोडली. बोगोरच्या एका बाईने फोटोच पाठवला. स्वयंपाकघराच्या फरशीवर कढई, आणि तिच्याखाली लाखेची तबकडी, उष्णतेने पत्रावळीसारखी वाकलेली. खाली लिहिलं होतं, 'तुमच्या आज्ञेप्रमाणे, बांग. छान उपयोग होतो.' नावाड्याचीच होती की दुसरी कुठली ते कळायला मार्ग नव्हता, मधला कागद जळून गेला होता.

सारमिलीने फोन उलटा ठेवला. तेवढ्यात न्याक जिन्यावर दिसली, आणि त्याचं तोंड आपोआप चालू झालं.

"न्याक, बसा. खरं सांगू का? तुम्हाला वाईट वाटेल, पण मी कुणाला गोड बोलत नाही. चारातल्या तीन ठीक आहेत. ही चौथी ठेवण्याच्या लायकीची नव्हतीच. आतूनच गेलेली होती."

न्याकने तबकडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "लाव."

मी लावली. वाळू, झाडू. तिने हाताने पुरे म्हणून खूण केली.

"कशाने धुतलीस?"

"माझी एक पद्धत आहे..."

"कशाने?"

"स्पिरिटने."

"माझा भाऊ क्लेंडेरला कपाटांना पॉलिश करायचा," न्याक शांतपणे म्हणाली. "लाख कशात विरघळवतात ते त्याच्या शेळीलासुद्धा माहीत होतं. ती त्या बाटलीच्या वाटेला जात नसे."

मला हसू आवरलं नाही. सारमिली माझ्यावर खेकसला, "तुला दात काढायला काय झालं? काल सांगायला काय झालं होतं?"

"काल तू मला वय विचारत होतास."

"भांडू नका," न्याक म्हणाली. "मला एक सांग, सारमिली. एवढं तू नाक मुरडलंस त्या गाण्यापुढे. ते गाणं तू ऐकलंयस तरी का कधी?"

बस. तिने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. अडाणी म्हटलेलं सारमिलीला चालतं, कारण तो ते खरं मानत नाही. पण अमुक गाणं त्याने ऐकलं नाही असं कोणी म्हणायचं नाही.

"ऐकलंय का? न्याक, माझा बाप चोंडेतपासून चिजान्तुंगपर्यंत प्रत्येक सुंतेला तेच लावायचा! त्या गाण्याने माझं बालपण नासवलं. कान किटले माझे!" आणि मग त्याने नुसतं दाखवण्यासाठी, तुच्छतेने, नाकातून गाण्याची सुरुवात गुणगुणली. सुरुवातीची बासरी, मग वल्ह्याचा ठेका, मग पहिली ओळ.

न्याक थोडी पुढे वाकली. "सगळं येतं?"

"विसरायचा प्रयत्न केला, गेलं नाही."

"मग रविवारी तूच गाशील."

सारमिली आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये. तो म्हणाला, मी गाणारा नाही, मी पारख करणारा आहे. तो म्हणाला, माझा गळा गळका आहे. रविवारी फार गिऱ्हाईक असतं, असंही म्हणाला.

"असू दे की," न्याक म्हणाली. "तू आला नाहीस तर मी येईन. इथे जिन्याखाली स्टूल टाकून बसेन, ही तबकडी मांडीवर घेऊन. येईल त्या पोराला दाखवेन, हे बघ बाळा, ह्या बाजारातल्या सर्वात शहाण्या माणसाने धुतलेली. फोटो काढ म्हणेन." तिने पुस्तक मागून घेतलं, तीन तबकड्या खिशांत नीट आहेत का पाहिलं, आणि चौथी त्याच्याकडे सरकवली. "ही तू ठेव."

रविवारी मी तिच्या अंगणात अँप्लिफायर आणि माइक लावायला गेलो होतो. वायर जोडताना पाहिलं तर सारमिली आलेला. इस्त्रीचा पांढरा सदरा, काळी टोपी, आणि चेहरा असा की जणू हे लग्नच त्याच्याकडे निकालाला आणलंय आणि तो 'कढईखाली' म्हणणार आहे. टेबलावर न्याकने अल्बम उघडा मांडून ठेवला होता. येणारा जाणारा पाहुणा रिकामा खिसा पाहायचा आणि मग सारमिलीकडे. बातमी सगळ्यांना होती.

वरात आली. डफ वाजले, फटाक्यांची माळ लागली, नवरदेवाकडच्या दोन बायकांनी पावाच्या दोन लांबलचक मगरी, म्हणजे आमच्या लग्नांत लागतातच ते मगरीच्या आकाराचे पाव, लेकरासारख्या हातांवर आणल्या. दारात वधूकडचा पहिलवान आडवा उभा. नवरदेवाच्या माणसाला त्याने दोन-तीन शेर ऐकवले, त्याने परत केले, दोघांनी हातपाय झाडून लढाई केली आणि ठरल्याप्रमाणे पहिलवान पडला. उठता उठता त्याची नजर माइकपाशी उभ्या सारमिलीवर गेली. शेर संपलेले होते, पण अशी संधी कोण सोडतो?

"चहा ओतला पाहुण्यांसाठी, बोलता बोलता गार;
ज्याने गाणं धुऊन काढलं, तोच आता गाणार!"

अंगण हसून कोसळलं. नवरदेव रिजाल बिचारा उंबऱ्याबाहेर टोपी सावरत उभा. त्याच्या आईने हळूच विचारलं, आता काय? कोणीतरी सांगितलं, आता गाणं. गाणं होईपर्यंत पोरगा बाहेरच. पलीकडे इल्मा जड मुकुटाखाली मान ताठ धरून बसली होती. तिचं लक्ष सारमिलीकडे नव्हतं, आजीच्या तोंडाकडे होतं.

सारमिलीने सुरुवात केली. वाईट गायला. बासरीसुद्धा तोंडानेच वाजवली, कारण त्याच्या डोक्यात गाणं भोंग्यातून आलं होतं तसंच बसलेलं. त्यात निवड करायची त्याला सोय नव्हती. वरच्या सुराला आवाज फाटायचा तोसुद्धा भोंग्यासारखा. पोरं कान झाकून खिदळत होती. तरी तो थांबला नाही. दुसऱ्या कडव्याशी मात्र त्याने असं केलं:

"नावाड्या, पैल... पैल... पैल... पैल... वल्हं मार रे!"

लोकांना वाटलं चाल अशीच आहे. मागची दोन पोरं 'पैल पैल' म्हणून नाचायलाही लागली. पण मला समजलं. ही तबकडी अडकते तेव्हाची उडी होती. त्याच्या बापाच्या तबकडीवर तिथे चरा असणार, आणि गाण्यात तिथे काय आहे हे सारमिलीने आयुष्यात कधी ऐकलेलंच नव्हतं. शेकडो वेळा ऐकलेलं गाणं, आणि मधली ओळच नाही. सगळ्या जगाला निकाल देणाऱ्या माणसाचा हा अभ्यास.

न्याकचा चेहरा लाल झाला. "अरे मेल्या, पैल पैल काय! 'पैलतीराला दिवा लावला कोणी, सांग ना, वल्हं मार रे!'"

सारमिली माइक धरून तिच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही. त्याने विचारलं, अगदी हळू, पण माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं, "दिवा? तिथे दिवा आहे?"

"दिवाच आहे. गा पुढे. पोरगा उन्हात उभा आहे."

तो गायला. पुढची कडवी त्याला येत होती. पण आता न्याक त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हती, म्हणून तीही बरोबर गाऊ लागली, शब्दाशब्दाला त्याच्या पुढे अर्धं पाऊल, हाताने ताल ठोकत, जसं मठ्ठ पोराकडून पाढे म्हणवून घ्यावेत. तिच्या दोन मुलींनीही सूर धरला. एक तीच मधली, जिच्या लग्नात वीज गेली होती. ती सर्वात मोठ्याने गात होती. गाणं संपलं, रिजालने आजेसासूकडे पाहिलं, तिने मान हलवली, आणि त्याने उंबरा ओलांडला.

जेवणं चालू असताना थेंब पडायला लागले. आमच्याकडे मांडवात पावसाचे थेंब आले की लोक आधी काय वाचवतात त्यावरून माणूस ओळखावा. बाकीचे भाताच्या पातेल्यांकडे धावले. मी अँप्लिफायरवर माझा शर्ट टाकला. सारमिली अल्बमकडे धावला. दोन्ही हात पसरून, तोंडाने, "न्याक, थांबा, ह्याला पाणी लागता कामा नये, मी आत नेतो, मला माहीत आहे कसं..."

"हात मागे," न्याक म्हणाली.

तिने पुस्तक मिटलं, काखेत घेतलं, आणि बाजूच्या टेबलावरची पावाची एक मगर उचलून त्याच्या पसरलेल्या हातांवर ठेवली. "ही ने."

सारमिली निघाला. बाजारात तबकडी धरतात तशी त्याने ती मगर फक्त कडांना धरली होती, मधे बोट लागू न देता. उंबऱ्याशी पोचला तेव्हा आतून न्याकचा आवाज आला.

"आणि ऐक रे, धुऊ नकोस तिला!"